पंच्याण्णवची रेघ

सरांकडे कुठलीही तक्रार घेऊन गेलं की ते आधी एक कोरा कागद पुढं सरकवायचे आणि म्हणायचे, "सगळं लिहा. मोठं वर, बारीक खाली." पंखा फिरत नाही, शिपाई उलट बोलतो, सासू जाऊबाईचीच बाजू घेते, काहीही असो, कागद ठरलेला. माणूस लिहायला बसला की त्याचा अर्धा राग तिथंच उतरायचा. उरलेला राग घेऊन तो परत आला की सर कागदावर मधेच कुठंतरी पेन्सिलीनं आडवी रेघ मारायचे. "रेघेच्या वरचं तेवढं बघू. खालचं खोटं न्हाई, पण खालचं आधी न्हाई."

मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढली. पहिली दोन वर्षं मला हा माणूस थोडा सरकलेला वाटायचा. मग हळूहळू दरारा वाटायला लागला, आणि शेवटी तर असा काही वाटला की त्याला शब्द सापडत नाही. नोकरीचे शेवटचे काही महिने मी त्यांच्यावर दातओठ खाण्यात घालवले, तेही सांगून टाकते. नुसती आरती ओवाळायला मी बसलेले नाही.

आमचं ऑफिस परभणीच्या बाहेर, एका जुन्या गोदामाच्या अर्ध्या भागात होतं. दोन खोल्या, एक गोठा, गोठ्यात सहा बैल. दारावरची पाटी इतकी लांब होती की कुणी ती शेवटपर्यंत वाचल्याचं मला आठवत नाही. रिक्षावाल्याला 'बैलाच्या ऑफिसात' म्हटलं की तो बराबर आणून सोडायचा.

काम असं होतं. हवा तापवणारे वायू आपल्याकडं कुठून किती निघतात, याची देश एक यादी करतो. विजेसाठी जळणारा कोळसा, सिमेंट, लोखंड, ट्रक, भातखाचरं, युरिया आणि जनावरांचे ढेकर. हसू नका, पहिल्या दिवशी मीही हसले होते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात एक वायू तयार होतो आणि तो ढेकरातून बाहेर पडतो. एका बैलाचा थोडाच, पण बैल काही एक नाही. तर हे सगळे उगम मोठ्यापासून बारीक असे एकाखाली एक मांडायचे, वरून बेरीज करत खाली यायचं, आणि शंभरातले पंच्याण्णव भरले की तिथं रेघ मारायची. रेघेच्या वर राहिले ते मुख्य उगम. ते जागेवर जाऊन, नीट, आपल्या मातीत मोजायचे. खालच्यांना पुस्तकातला ठरलेला आकडा लावला तरी भागतं.

आमच्या भागाच्या तक्त्यात औताचे बैल ही वेगळी ओळ होती आणि ती रेघेच्या वर होती. फार नाही, दोनच ओळी वर. रेघेच्या वर बैल होते म्हणून गोठा होता, गोठा होता म्हणून सर होते, आणि सर होते म्हणून माझी नोकरी होती. नोकरी म्हणजे काँट्रॅक्टची, दर मार्चला एका सहीवर पुढं सरकणारी. नवरा सेलूला जिनिंगमध्ये, ते काम कापूस असेपर्यंत. आमचं घर माझ्या पगारावर उभं होतं. बैल रेघेच्या वर आहेत ना, हे मी दरवर्षी तक्ता आला की देवाच्या आधी बघायची.

सर कसे दिसायचे? बारीक, उंच, खिशात मापाची टेप, पायात चपला. बूट घातलेले मी त्यांना कधी पाहिले नाहीत. जनावराच्या पायाजवळ बूट घालून उभं राहणं त्यांना उद्धटपणा वाटायचा. ते बैलांना 'मालक' म्हणायचे. "मालक, जरा सरका. मालक, मान इकडं." आणि डायरेक्टर साहेब आले की त्यांनाही मालकच. एकदा साहेब गोठ्यात उभे असताना सर म्हणाले, "मालक, शेपूट सांभाळा," तेव्हा साहेब स्वतःच्या मागं बघायला लागले होते. मला आणि ऑफिसातल्या सगळ्याच बायकांना ते 'बाई' म्हणायचे, शिपायाच्या शाळेत जाणाऱ्या पोरीलासुद्धा.

बैलाच्या नाकाजवळ एक बारीक नळी बांधून ती गळ्यातल्या डब्यात सोडायची, म्हणजे दिवसभराचा श्वास थोडाथोडा डब्यात जमा होतो. गावात हे बघायला अख्खी आळी लोटायची. "बैलाला ऑक्सिजन लावायलेत," असं म्हणत लोक हळहळायचे सुद्धा. सर बैलाशेजारी घमेलं पालथं घालून बसायचे आणि ढेकर मोजायचे. नळी होती, डबा होता, यंत्र होतं, तरी ते कानानं मोजायचे. मी विचारलं, "सर, यंत्र मोजतंय ना?" ते म्हणाले, "यंत्र हवा मोजतंय, बाई. बैल कोण मोजणार?" झरी गावात त्यांना ढेकरवाले साहेब म्हणायचे. ते नाव त्यांना इतकं आवडलं की त्यांनी घरी बायकोला मुद्दाम सांगितलं.

बायको म्हणजे एक वेगळंच प्रकरण. वहिनी बोलायला फटकळ. त्यांनीच मला सांगितलं की लग्नाच्या तिसऱ्या वर्षी सरांनी घरातल्या भांडणांची यादी केली होती. महिनाभर रोज लिहून, मग मोठं वर, बारीक खाली. निघालं असं की बहुतेक भांडणं एकाच गोष्टीवरून होत होती, सर जेवायला वेळेवर येत नाहीत यावरून. त्या दिवसापासून सर दीड वाजता ताटावर. बैल डब्यासकट सोडून येतील, पण दीड म्हणजे दीड. "आन् बाकीची भांडणं?" मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "ती ठिवली तशीच. म्हनले, संसाराला थोडी लागतात."

पण माणूस नुसता तऱ्हेवाईक नव्हता, हे मला पोखर्णीला कळलं. नरसिंहाच्या देवळाजवळ शेतकऱ्यांचा मेळावा होता आणि सरांना बोलायला वीस मिनिटं दिली होती. सर उठले, माईक बाजूला केला, खाली घोंगडी अंथरायला लावली आणि ज्वारीचं एक पोतं मागवलं. मला वाटलं, झालं, आता हसं होणार. ओंजळ ओंजळ ज्वारी मोजून त्यांनी शंभर ओंजळी घोंगडीवर ओतल्या. मग लोकांना विचारलं, "सांगा, हवा तापवायला सगळ्यात मोठं कोण?" कुणी वीटभट्टी म्हणालं, कुणी ट्रॅक्टर, कुणी फटाके. त्या एका ढिगातून सरांनी वेगवेगळे ढीग करायला सुरुवात केली. विजेचा ढीग झाला तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं मागं सरकून बसली, इतकी जागा त्याला लागली. मग कारखाने, मग ट्रक-मोटारी, मग जनावरं, मग भात, मग युरिया. पंच्याण्णव ओंजळी संपल्या तिथं त्यांनी आपली काठी आडवी ठेवली. काठीच्या पलीकडं पाचच ओंजळी उरल्या, आणि त्यात चिमटी चिमटीचे इतके ढीग झाले की मोजता मोजता लोक कंटाळले.

"जे दिसतं ते मोठं असतंच असं न्हाई," सर म्हणाले. "धूर दिसतो म्हणून आपण धुराला शिव्या देतो. विजेचं बटन दाबताना धूर दिसत न्हाई."

बायकांतून एक आजी उठल्या. कंबरेत वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. "सायब, आमच्या चुलीचा ढीग कोनता?"

सरांनी काठीपलीकडची एक चिमटी दाखवली.

"इत्तुसा?" आजी म्हणाल्या. "आन् आमी जलमभर डोळे फोडून घेतले त्यो?"

मला वाटलं सर आकडे सांगतील. ते घोंगडीवरून उठले, आजींपाशी गेले आणि म्हणाले, "तुमच्या डोळ्यांचा हिसाब ह्या घोंगडीवर न्हाई, आई. त्याची घोंगडी वेगळी. तिथं चूल सगळ्यात वर येईल. आज ती आणली न्हाई, ती माझी चूक." आजी बसल्या. वीस मिनिटांचं भाषण तासभर चाललं आणि एक माणूस उठून गेला नाही. परत येताना मी स्कूटरवर मागं बसून नुसती त्यांच्या पाठीकडं बघत होते. मोठं काय हे सांगणारी माणसं पुष्कळ असतात, कशासाठी मोठं हे विचारणारा मी तेवढा एकच पाहिला.

आता ज्या गोष्टीनं सगळं उलटंपालटं झालं ती सांगते. पोळ्याची गोष्ट आहे.

सर दरवर्षी झरीला खांदेमळणीला जायचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळतात आणि उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतण देतात, ते सरांना फार पटायचं. पोळ्याला मात्र ते घरी असायचे. त्या वर्षी वहिनी माहेरी गेल्या होत्या, म्हणून सर मला म्हणाले, "चला बाई, मिरवणूकच बघू." वेशीत तोरण बांधलं होतं. वाजंत्री, झुली, शिंगांना रंग, सगळा गाव लोटलेला. आम्ही मारुतीच्या पारावर उभे. सर सवयीनं मोजायला लागले, ओठ हलायचे तसे हलत होते. थोड्या वेळानं ओठ थांबले.

"बाई, बैल कमी हायत."

"सर, अजून येतील की."

"सगळे आले. गुरव नारळ फोडायलाय."

एक म्हातारे शेतकरी एकच बैल धरून चालले होते. बैल देखणा, पाठीवर नवी झूल. सर पारावरून उतरले. "राम राम. हे मालक एकटेच कसे?"

"जोडीदार त्येच्या घरी हाय की, सायब. सावडीचा हाय. आज ज्येचा त्येनं मिरवायचा."

"मंग आमच्या कागदावर तुमची जोडी कशी?"

"गनतीला इचारलं, बैल किती? म्हनलं, जोडी. औत काय एका बैलावर चालतंय व्हय?"

"आन् त्या दुसऱ्या घरी काय सांगितलं असंल?"

"त्यो बी जोडीच म्हनला असंल," म्हातारबा म्हणाले. "त्येला काय इज्जत न्हाई का?"

सावड म्हणजे काय, ते शहरातल्यांसाठी सांगते. दोन घरांत एकेक बैल असतो. पेरणी-कोळपणीला दोघं आपापले बैल जोडतात आणि चार दिवस तुझ्या रानात, चार दिवस माझ्या रानात अशी ती जोडी फिरते. जोडी ज्याच्या रानात, मुक्कामही त्याच्याच गोठ्यात. आमची दारोदारची बैलांची गणती नेमकी कोळपणीच्या दिवसांत झाली होती. या आठवड्यात या दारात दोन बैल, पुढच्या आठवड्यात त्या दारात दोन बैल. बैल तेच, आमच्या कागदावर ते चार झाले.

सर परत पारावर आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. खरं सांगते, मला त्या आनंदाची भीती वाटली. त्यांना एक चूक सापडली होती आणि ती त्यांच्याच अकरा वर्षांच्या कामात होती, तरी माणूस खूश.

आणि मी? माझ्या हातात कुणीतरी दिलेली पुरणपोळी होती आणि ती मी तशीच पदरात गुंडाळली. कारण मला सावड माहीत होती. माझं माहेर पोखर्णीच्या वाटेवरचं एक गाव. आमच्या आबांचा एक लाल कंधारी बैल, शेजारच्या काकांचा एक, जन्मापासून मी ती सावड बघितली. गणतीला माझ्या वाट्याला जी गावं आली त्यात माझं गाव होतं आणि गणतीचा पहिला अर्ज मी आमच्याच घरी भरला. आबा बाजेवर बसले होते. लेक ऑफिसातून आली म्हणून शेजारची चार माणसं कौतुकानं जमली होती. मी रकान्यापाशी आले आणि थांबले. आबा म्हणाले, "लिही की. जोडी." मी त्यांच्याकडं बघितलं, ते माझ्याकडं बघत नव्हते. मी दोन लिहिलं. आपल्या बापाला चारचौघांत एक म्हणायला लावणार होते का मी? पण त्यानंतर दुसऱ्या कुठल्याच दारात 'दुसरा बैल कुणाचा' हे मला विचारता आलं नाही. स्वतःच्या घरी विचारलं नाही, ते परक्या घरी कोणत्या तोंडानं विचारणार? झरीची गणतीही माझीच होती.

हे मी सरांना पारावर सांगितलं नाही. नंतरही नाही.

पोळ्यापासून दिवाळी होऊन जाईपर्यंत सर परत दारोदार फिरले. प्रश्न त्यांनी बदलला. बैल किती, असं ते विचारायचेच नाहीत. "तुमच्या बैलाचं नाव काय?" एवढंच. नाव विचारलं की माणूस खुलतो आणि आपल्याच बैलाचं नाव सांगतो. दुसऱ्याचं नाव विचारलं की, "त्यो सखारामाचा हाय," असं आपसूक यायचं. मग टेप काढून बैलाच्या छातीचा घेर. एक बैल, एक नाव, एक घेर. दोन घरांत तोच बैल निघाला की सर वहीत हळूच एक फुली मारायचे. मी सगळीकडं गेले, फक्त आमच्या गावाच्या दिवशी ताप आल्याचं सांगून घरी बसले. सर एकटे जाऊन आले. दुसऱ्या दिवशी मी खाली मान घालून बसले होते. ते म्हणाले, "तुमच्या आईनं थालीपीठ लय चांगलं केलं होतं." बाकी शब्द नाही.

नवा तक्ता सरांनी स्वतः मांडला. मोठं वर, बारीक खाली. बैलांची ओळ एक घर उतरली, मग दुसरं, मग रेघेवर आली. आणि रेघेच्या खाली गेली. सरांनी पेन्सिल ठेवली आणि पाणी प्यायले. शेजारी गोठ्यातून बैलांचं रवंथ ऐकू येत होतं.

बैल खाली गेले म्हणजे आता पुस्तकातला आकडा चालणार. गोठा नको, नळ्या नकोत, सर नकोत, मी नको. हे समजायला मला दुसरा कागद लागला नाही. मी म्हणाले, "सर, हे मार्चनंतर पाठवा. माझी सही होऊन जाऊ द्या. तीन महिन्यांचाच तर प्रश्न आहे."

ते म्हणाले, "बाई, नसलेली बैलं आणखी तीन महिने रवंथ करणार का?"

"मग माझ्या घरानं काय करायचं?"

"तुमची नोकरी मोठी हाय. बैलांपेक्षा मोठी. पण ती ह्या कागदावर न्हाई."

त्याच दिवशी त्यांनी तक्ता पाठवला. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. खरंच सोडलं. कामापुरतं हो-नाही, तेही भिंतीकडं बघून. आपल्या हातानं आपला गोठा मोडणारा माणूस मला तेव्हा थोर नाही वाटला, निर्दय वाटला. थोरपणाचं काय, तो दुसऱ्याच्या चुलीवर चांगला शिजतो, असं मी नवऱ्याला म्हणालेसुद्धा.

मग वरून पत्र आलं. चूक कशी झाली, जबाबदार कोण, खुलासा द्या. गणती करणाऱ्यानं खोटं लिहिलं, असं एकदा कागदावर आलं की पुढं कुठलंच ऑफिस दारात उभं करणार नव्हतं. नोकरी तर जाणार होतीच, नावही जाणार होतं. आणि सरांकडं माझ्या अक्षरातला, आमच्या घरचा, 'दोन' लिहिलेला अर्ज होता.

खुलाशाचं पान मी ऑफिसच्या फाईलमध्ये पाहिलं. वर शीर्षक, चुकीची कारणं. पहिलं: अर्जात सावडीचा रकाना नव्हता, अर्ज मी तयार केला. दुसरं: आलेले आकडे पडताळणी न करता मान्य केले, सही माझी. त्याच्या खाली आडवी रेघ, आणि रेघेखाली त्यांचं नाव नि तारीख. बस. मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. सुटले, असं वाटलं आणि त्या सुटण्याची लाजही वाटली. तरी तोंड उघडलं नाही.

मार्चमध्ये गोठा बंद झाला. बैल शेतीशाळेच्या रानात कामाला गेले. जाताना सर प्रत्येकापुढं उभं राहून, "येतो मालक," असं म्हणाले, जसे काही तेच निघाले होते. त्यांना निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं मुख्य ऑफिसात आवक-जावक टपालावर बसवलं. मला निरोप देताना त्यांनी एक कागद हातात ठेवला. माझ्यासारखं शिक्षण झालेल्या बाईची कुठं कुठं गरज आहे, त्याची यादी. मोठं वर, बारीक खाली. सगळ्यात वर सेलूच्या एका ज्युनिअर कॉलेजातली संख्याशास्त्राची जागा. मी तो कागद त्यांच्यासमोर फाडला नाही, बसस्टँडवर येऊन फाडला. दोन महिन्यांनी त्याच कॉलेजात अर्ज केला. फाडलेला कागद पाठ झाला होता, काय करणार? आज तिथंच शिकवते.

बरीच वर्षं झाली. राग कधीचाच विरला होता, पण लाज काही विरली नव्हती. यंदा उन्हाळ्यात परभणीला काम निघालं तेव्हा मी सरांच्या घरी गेले. सर बाहेरच्या खोलीत, पंख्याखाली. दीड वाजायला पाच मिनिटं होती म्हणून वहिनींनी आधी आम्हाला जेवायला बसवलं. जेवण झालं, सुपारी झाली. मग मी सांगून टाकलं. सर, मला सावड माहीत होती. आमच्या घरी बैल एक होता, मी दोन लिहिलं. तुम्ही खुलाशात स्वतःचं नाव घातलंत, माझं लपवलंत. ते मला इतकी वर्षं खातंय.

सर माझ्याकडं अशा नजरेनं बघत राहिले की जणू मी बेरजेत चुकले होते.

"लपवलं? मी काय लपवलं?"

ते उठले, कपाटातून एक फाईल काढली आणि माझ्यापुढं ठेवली. तोच खुलासा. पण त्याला दुसरं पान होतं. रेघेच्या खालचं पान. ते कधी कुणी मागितलं नव्हतं, म्हणून पाठवलं नव्हतं, पण लिहून ठेवलं होतं. त्यात बारीक बारीक कारणं होती. पावसामुळं दोन गावं घाईत उरकली. एका गावात सरपंचानं घरी बसूनच आकडे सांगितले. आणि शेवटून दुसरी ओळ: गणती करणाऱ्या बाईला पहिला अर्ज स्वतःच्या वडिलांसमोर भरावा लागला. तिला तिथं मी पाठवलं.

मला अक्षरं दिसेनाशी झाली. "सर, हे खालचं नाही. हे मोठं होतं."

"तुमच्यासाठी असंल. बैलांच्या हिसाबात बारीक होतं. मी मांडून बघितलं, बाई, उगंच न्हाई ठेवलं."

"पण तुम्हाला हे कळलं कसं? आबांसमोर भरला, लोक बसले होते, हे मी कुणालाच बोलले नाही."

"तुमच्या आबांनी सांगितलं."

"आबांनी?"

"मी गेलो त्या दिवशी. बैलाचं नाव विचारलं. ते म्हणाले, सायब, नाव सांगतो, पण आधी ऐका. बैल एकच हाय. लेक लिहिताना थांबली होती, जोडी मी म्हनलो. तिचं त्यात काही न्हाई, तिच्या नोकरीला हात लावू नका."

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. मी विचारलं, "तेव्हा शेजारी कुणी बसलं होतं का, सर?"

"होते की. पाच-सहा जण. थालीपीठं खायलो होतो सगळे."

आबांनी मला हे कधी सांगितलं नाही. त्या दिवशी मी ताप आल्याचं सांगून घरी झोपले होते आणि आबा अंगणात, त्याच माणसांपुढं, एक बैल म्हणाले होते. सरांनी ते ऐकलं, घरी येऊन लिहून ठेवलं, आणि मला फक्त थालीपीठाचं सांगितलं.

मी फाईल परत दिली. सर म्हणाले, सेलूची गाडी साडेतीनला हाय, आता निघा. मी स्टेशनवर गेले नाही. बसस्टँडवर आले आणि आबांकडं जायला पोखर्णीच्या बसमध्ये बसले.